आजोबांच्या सही-वहीत चुनी गोस्वामी, खाली "इंदूर, डिसेंबर १९६६". हे खरं असू शकतं का?

रामबागचा_नातू

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण अर्धवट लिहिलं तर तुम्ही परत विचारणारच, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

आमचं रामबागेतलं जुनं घर रिकामं करणं चालू आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांची एक सही-वही सापडली, तळहाताएवढी, हिरव्या कापडी बांधणीची. आजोबा रेल्वेत क्लार्क, १९५५ ते १९६३ कलकत्त्याला होते, मग बदली घेऊन रतलाम डिव्हिजनला आले आणि शेवटपर्यंत इंदूरातच राहिले. त्यांना फुटबॉलचं वेड होतं हे घरात सगळ्यांना माहीत, सकाळी पोहे खाताना सुद्धा ते मोहन बागान-ईस्ट बंगालच्या गोष्टी सांगायचे, पण अशी काही वही आहे हे आईला पण माहीत नव्हतं.

वहीत एकूण अकरा सह्या. त्यातल्या मला वाचता आल्या त्या अशा, तिघंही त्या काळचे भारताचे फुटबॉलर: पी. के. बॅनर्जी (खाली १९५८), टी. बलराम (तारीख नाही), आणि चुनी गोस्वामी. चुनीच्या सहीखाली आजोबांच्या अक्षरात बारीक लिहिलंय "इंदूर, डिसेंबर १९६६". त्याच पानाच्या मागच्या बाजूला एस. गुप्ता की गुहा असं काहीतरी आहे. बाकीच्या सह्या लागत नाहीत.

वहीत घडी घालून ठेवलेलं एक तिकीट पण निघालं, २४ सप्टेंबर १९७७, ईडन गार्डन्स, कॉसमॉस (पेलेचा अमेरिकेतला क्लब) विरुद्ध मोहन बागान. आणि त्यावर बॉलपेनने "Pele"! (हे तेवढं इंग्रजीत आहे तसंच लिहिलं, म्हणजे तुम्हाला कळेल.)

आता मुद्दा. ओळखीतून एक जुन्या वस्तूंचे व्यापारी घरी येऊन गेले. त्यांचं म्हणणं, चुनीची सही बनावट आहे, कारण कलकत्त्याचा फुटबॉलर ६६ साली इंदूरात कशाला येईल, इथे कुठे फुटबॉल होता. बाकी पी. के. आणि बलराम ही दोन पानं ते कापून नेतील, दोन्हीचे मिळून ६,०००, आणि तिकिटाचे वेगळे १५,०००. वही नको म्हणाले, नुसती पानं. शनिवारपर्यंत सांगा म्हणाले.

पैशाची तशी नड नाही पण घर आवरायचंच आहे. भाव बरोबर आहे का? आणि चुनीबद्दल जे म्हणाले ते खरं का? मला ते मनाला लागलंय, कारण आजोबा खोटं लिहिणारे नव्हते. फोटो टाकलेत, उजेड कमी आहे, सांभाळून घ्या.

शाई_आणि_कागद

सगळ्यात आधी एक गोष्ट, हात जोडून सांगतो: शनिवारी त्या माणसाला वही देऊ नका, आणि कात्री तर लावूच देऊ नका. बाकीचं मग बोलू.

मी गेली बावीस वर्षं सह्या जमवतोय, मुख्यतः हॉकी आणि फुटबॉलच्या. पान कापून काढलेल्या सहीला आमच्यात कट सिग्नेचर म्हणतात, आणि तसा बाजार आहे, नाही असं नाही. पण वहीतून पान कापलं की त्या सहीची साक्षच गेली हो. आत्ता तुमच्याकडे काय आहे ते बघा: एकाच माणसाची वही, एकाच माणसाच्या हातच्या तारखा, वेगवेगळ्या वर्षांची वेगवेगळी शाई, आणि त्या माणसाच्या नोकरीचा इतिहास जो वहीतल्या गावांशी जुळतो. खोटी वही बनवणारा इतकं सगळं जुळवत बसत नाही, तो एका पानावर पाच मोठी नावं एकाच पेनने काढून मोकळा होतो. पानं सुटी झाली की पी. के.ची सही ही नुसती निळ्या शाईची एक रेघ उरते आणि मग खरी कशावरून हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक नव्याने विचारणार.

पी. के. बॅनर्जींबद्दल: ते कलकत्त्यात पहिलं वर्ष आर्यन क्लबकडून खेळले आणि १९५५ पासून शेवटपर्यंत ईस्टर्न रेल्वेकडून. मोठ्या क्लबांनी बोलावलं तरी गेले नाहीत. आणि १९५८ साली ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली होती, त्यानंतर थेट २०१९ पर्यंत मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन या तिघांशिवाय कोणालाच ती जिंकता आली नाही. तुमचे आजोबा त्या काळात कलकत्त्यात रेल्वेत, आणि सहीखाली १९५८. म्हणजे हे दोघं एकाच खात्यातले की! मला तरी ही सही बघून रोमांच आले, खरंच सांगतो.

फोटोवरून शाई शाईपेनचीच दिसतेय. खात्री करायची तर एक काम करा, सराफ्यात दिवसा जा, सोनारकामाचं सामान विकणाऱ्यांकडे दहा पट मोठं दाखवणारं भिंग मिळतं, ते आणा. शाईपेनची शाई कागदात थोडी पसरलेली दिसते, जिथे रेघ रेघेवरून जाते तिथे गडद होते. छापील सही असेल तर बारीक बारीक ठिपके दिसतात. आणि बघायचं महत्त्वाचं म्हणजे रेघेची सुरुवात आणि शेवट: ज्याने आयुष्यात हजारो वेळा सही केलीय त्याचं पेन कागदाला टेकायच्या आधीच चालत असतं, त्यामुळे टोकं निमुळती येतात. नक्कल करणारा जपून जपून काढतो, त्याची टोकं बोथट आणि मधे रेघ थरथरते.

तिकिटावरच्या पेलेबद्दल मला शंका आहे, पण त्यावर नंतर सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे. एक सांगा, मागच्या बाजूला गुहा आहे की गुप्ता, मोठा फोटो टाकता का?

मेस्सीभक्त_पलासिया

दादा हे वाचून मला माझीच गोष्ट आठवली. मी दोन वर्षांपूर्वी पहिल्या पगारातून मेस्सीची सही केलेली बार्सिलोनाची जर्सी घेतली ऑनलाइन, १४,००० ला, सोबत चकचकीत सर्टिफिकेट, त्यावर सोनेरी स्टिकर, फ्रेम पण करून दिली होती. घरी लावली, सगळे मित्र येऊन फोटो काढून गेले. मग एक दिवस दुसऱ्याच एका शहरातल्या मुलाने त्याच दुकानाच्या जर्सीचा फोटो टाकला, आणि सही अगदी तीच, म्हंजे शेवटची शेपटी सुद्धा तेवढीच लांब आणि १० आकड्याच्या त्याच जागी. दोन फोटो एकावर एक ठेवले तर केसभर पण फरक नाही. माणूस दोनदा सारखी सही करूच शकत नाही ना, छापलेली होती. दुकानाने पैसे परत दिले नाहीत, सर्टिफिकेट तर त्यांनीच छापलेलं, त्यावर विचारायला जाणार कोणाकडे.

जर्सी अजून कपाटात आहे. टाकवत नाही.

माझा प्रश्न शाईकाकांना, मग सर्टिफिकेट कोणाचं खरं मानायचं?

शाई_आणि_कागद

@मेस्सीभक्त, वाईट वाटलं वाचून. पहिल्या पगाराचे पैसे होते ते. तुझा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर असं की विकणाऱ्याने स्वतःच दिलेलं सर्टिफिकेट म्हणजे त्याचा शब्द, त्यापलीकडे काही नाही. दुकान ओळखीचं असेल तर शब्दाला किंमत, नसेल तर कागदाच्या रद्दीएवढी.

त्रयस्थ तपासणी करणाऱ्या कंपन्या वेगळ्या. अमेरिकेत पीएसए, जेएसए, बेकेट अशी नावं चालतात, इंग्लंडमध्ये विक्रेत्यांची आफ्टल नावाची संघटना आहे. त्या अमेरिकन कंपन्या वस्तू बघतात, स्टिकरला नंबर देतात, तो नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. पण स्टिकरची पण नक्कल होते, म्हणून नंबर टाकल्यावर येणारी वस्तू आणि आपल्या हातातली वस्तू एकच आहे का हे बघायचं. आणि काही ठिकाणी खेळाडूला बसवून सह्या घेतात, कॅमेऱ्यासमोर, त्याचे फोटो देतात. मेस्सीच्या बाबतीत तेच सगळ्यात भरवशाचं, कारण रस्त्यात धावत धावत केलेली त्याची सही आणि टेबलावर बसून केलेली सही यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

हा धंदा किती वाईट थराला जाऊ शकतो त्याचं उदाहरण सांगतो. अमेरिकेत एफबीआयने १९९०च्या दशकात ऑपरेशन बुलपेन म्हणून मोठी कारवाई केली, खोट्या सह्यांची टोळीच पकडली. त्यात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉल निघाले होते. विचार करा, मदर तेरेसा आणि बेसबॉल! तरी ते विकायला काढलेले होते, म्हणजे घेणारे पण होतेच. माल बघताना पहिला प्रश्न अक्षराचा नाही, हा माणूस त्या वस्तूपाशी त्या दिवशी गेला कसा, हा.

आणि हाच प्रश्न व्यापाऱ्याने चुनी गोस्वामींबद्दल विचारलाय. प्रश्न चुकीचा नाही त्याचा. फक्त उत्तर न शोधताच निकाल दिला.

जुनी_इंदूर_६६

मी इथे फारसा लिहीत नाही, नातीने लॉगिन करून दिलंय. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

बाबा रे, चुनी गोस्वामी डिसेंबर १९६६ मध्ये इंदूरातच होता! मी स्वतः पाहिलाय. तेव्हा मी आठवीत होतो. तो फुटबॉल खेळायला आलाच नव्हता, क्रिकेट खेळायला आला होता!

सोबर्सची वेस्ट इंडिज टीम भारतात आली होती त्या हिवाळ्यात. सेंट्रल झोन आणि ईस्ट झोनची मिळून एक टीम केली होती, हनुमंत सिंग कॅप्टन, आणि मॅच इंदूरला. त्या मॅचमध्ये वेस्ट इंडिज डावाने हरली. डावाने! आणि विकेटा कोणी काढल्या तर बंगालच्या दोघांनी, चुनी गोस्वामीने मॅचमध्ये ८ आणि सुब्रत गुहाने ११. वीसातल्या एकोणीस विकेटा दोघांच्या. मग तुझ्या वहीत त्या पानाच्या मागे गुप्ता नाहीये बेटा, गुहा आहे. एस. गुहा म्हणजे सुब्रत गुहा, पुढे तो टेस्ट पण खेळला.

लोक विसरतात की चुनी दोन्ही खेळायचा. १९६२ला जकार्ताला एशियाडचं फुटबॉलचं गोल्ड भारताने जिंकलं तेव्हा कॅप्टन चुनी, फायनलला दक्षिण कोरियाला २-१ ने हरवलं. आणि पुढे बंगालचा रणजी कॅप्टन पण झाला, १९७१-७२ च्या फायनलला मुंबईसमोर. अशी माणसं आता होत नाहीत.

आम्ही शाळेतली पोरं तिथे सोबर्सला बघायला गेलो होतो. सह्या घ्यायला सगळे त्याच्यामागे. माझे वडील म्हणाले अरे तो बघ चुनी गोस्वामी, भारताचा फुटबॉल कॅप्टन, तर आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, इंदूर म्हणजे सी. के. नायडू आणि मुश्ताक अलींचं गाव, इथे फुटबॉलरला कोण ओळखणार. पण तुझ्या आजोबांनी ओळखलं असणार ना! कलकत्त्यात आठ वर्षं काढलेला माणूस. सगळं गाव सोबर्सच्या मागे असताना हा माणूस चुनीची सही घेऊन आला. मला ते दृश्य डोळ्यासमोर दिसतंय रे.

त्या व्यापाऱ्याला माझा निरोप सांग, इंदूरच्या माणसाला इंदूरचा इतिहास शिकवू नये म्हणावं.

रामबागचा_नातू

काका, तुमची पोस्ट आईला मोठ्याने वाचून दाखवली. ती रडायलाच लागली. म्हणाली, तरीच बाबा दरवेळी सांगायचे "मी वेस्ट इंडिजला हरताना पाहिलंय आणि फुटबॉलच्या कॅप्टनशी हात मिळवलाय" आणि आम्हाला वाटायचं दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एका दिवसाच्या आहेत हे कधी कळलंच नाही.

भिंग आणलं. चुनी आणि गुहा दोन्ही सह्या एकाच शाईच्या वाटतायत, निळी, आणि खाली आजोबांची तारीख मात्र काळ्या शाईत आहे, बहुतेक घरी येऊन लिहिली असेल. मागचा मोठा फोटो टाकलाय, आता मलाही गुहाच दिसतंय, आधी का दिसलं नाही कोण जाणे.

पण मग व्यापारी तिकिटाचे १५,००० देतोय ते? पेले तर खरंच खेळला होता ना कलकत्त्यात?

लेकटाउन_ते_लोकमान्यनगर

पेलेबद्दल मी लिहू का, माझं लहानपण कलकत्त्यात गेलंय, लग्न होऊन इंदूरला आले.

हो, खेळला होता. २४ सप्टेंबर १९७७, ईडन गार्डन्स, २-२ बरोबरी. मोहन बागानचे कोच तेव्हा कोण होते ठाऊक आहे? पी. के. बॅनर्जी! म्हणजे तुमच्या वहीतलेच. पाऊस झाला होता, मैदानात चिखल, आणि पेलेचं करिअर अगदी संपत आलेलं, त्यानंतर आठवड्याभरात १ ऑक्टोबरला तो शेवटची मॅच खेळला अमेरिकेत. आमच्या गल्लीत तर लोक नंतर कित्येक वर्षं दिवसांची मोजणी पेले यायच्या आधी आणि पेले आल्यानंतर अशी करायचे.

पण भाऊ, त्या दिवशी पेलेच्या जवळ जाणं साध्या माणसाला शक्य नव्हतं. माझे काका तिथे होते, ते म्हणायचे आम्ही फक्त एक पांढरा ठिपका धावताना पाहिला. आणि तुमचे आजोबा तर ७७ ला इंदूरात होते ना, तुम्हीच लिहिलंय ६३ ला बदली झाली म्हणून. मग तिकीट त्यांच्याकडे आलं कसं? तेवढं बघा. ट्रंकेत पत्रं आहेत का काही? जुन्या माणसांची पत्रं फेकायच्या आधी वाचा हो, आम्ही सासऱ्यांची सगळी रद्दीत दिली आणि आता हळहळतोय.

शाई_आणि_कागद

ताईंनी अगदी नेमकं बोट ठेवलं. माझी शंका अक्षरावरून होती, त्यांची माणसावरून आहे, आणि त्यांचीच जास्त भक्कम आहे.

अक्षराचं सांगतो. पेलेच्या सहीत शेवटच्या अक्षरावर वर एक तिरकी रेघ असते, तो त्याच्या नावाचाच भाग आहे, आणि पहिलं अक्षर मोठं, एका झटक्यात वळवलेलं. तुमच्या तिकिटावर चारही अक्षरं सुटी, शाळेच्या वहीत काढतात तशी, आणि वरची रेघच नाही. बॉलपेन कागदात खोल दाबलेलं आहे, मागच्या बाजूला उठलेलं फोटोत सुद्धा दिसतंय. घाईत उभ्या उभ्या सही करणारा इतकं दाबत नाही, त्याला टेबल लागतं.

आता भावाबद्दल, कारण मूळ प्रश्न तो होता. लोकांना वाटतं जेवढा मोठा खेळाडू तेवढी महाग सही. तसं नसतं. पेलेने आयुष्यभर कोणाला नाही म्हटलं नाही, पन्नास-साठ वर्षं सह्या करत राहिला, त्यामुळे त्याच्या खऱ्या सह्या जगात भरपूर आहेत. याउलट डंकन एडवर्ड्स घ्या, मॅन्चेस्टर युनायटेडचा. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकला टीमचं विमान कोसळलं, तो पंधरा दिवसांनी हॉस्पिटलमध्ये गेला, वय अवघं २१. त्याच्या सह्या किती असणार? म्हणून इंग्लंडमध्ये त्या टीमची एखादी वही निघाली की मोठमोठे लिलाववाले धावतात. तसंच १९६६च्या वर्ल्ड कपवाल्या इंग्लंड टीमचा पूर्ण सेट करायचा तर बॉबी मूर अडतो, तो १९९३ लाच गेला, बाकीचे कितीतरी वर्षं कार्यक्रमांमधून सह्या करत राहिले.

आणि कधीकधी तर खेळाडूची सहीच नसते आणि तरी वस्तू विकली जाते. तेरा वर्षांच्या मेस्सीला घ्यायचं म्हणून बार्सिलोनाच्या माणसाने डिसेंबर २००० मध्ये कागदी नॅपकिनवर करार लिहिला होता ना, तो २०२४ साली लंडनला ७,६२,४०० पौंडाला गेला, म्हणजे आपले आठ कोटींच्या घरात. त्यावर सह्या तिघांच्या आहेत: रेक्साच, मिंगेया आणि गाजोली. मेस्सीची नाहीच! पैसे मिळाले ते त्या नॅपकिनची गोष्ट पक्की होती म्हणून, कोणी लिहिला, कुठे लिहिला, इतकी वर्षं कोणाकडे होता, सगळं माहीत.

तुमच्या वहीची गोष्ट काकांनी दहा मिनिटांत पक्की करून दिली. पण मी खोटी आशा लावणार नाही, भारतीय फुटबॉलच्या सह्यांना आपल्याकडे गिऱ्हाईक कमी आहे. क्रिकेटच्या मानाने तर काहीच नाही. घेणारे आहेत ते जास्त करून कलकत्ता, केरळ, गोवा इकडचे, आणि त्यांच्यासाठी पी. के., चुनी, बलराम ही तिन्ही नावं एकाच वहीत असणं फार मोठी गोष्ट आहे. हे तिघं एकत्र खेळायचे, १९६० च्या रोम ऑलिंपिकला पण तिघं होते, पी. के. कॅप्टन, आणि हंगेरीसमोर आपण १-२ ने हरलो तेव्हा आपला गोल बलरामचा. बलरामना तब्येतीमुळे लवकर खेळ सोडावा लागला. आता तिघंही नाहीत, पी. के. मार्च २०२० मध्ये गेले, चुनी त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, एप्रिलच्या शेवटी, बलराम २०२३ ला. नव्या सह्या आता होणार नाहीत. ६,००० मध्ये दोन पानं म्हणजे तुम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याचा तो धंदा आहे, पण तो वहीतलं जे सगळ्यात मोलाचं तेच इथे टाकून जाणार होता.

आणि गुहाच्या पानाबद्दल नीट समजून घ्या. ती सही विकायला गेलात तर फार काही येणार नाही. पण ती मागे आहे म्हणून पुढची चुनीची सही खरी ठरते. कोणी खोटं करायचं म्हणून चुनी काढेल, सोबर्स काढेल, गुहा कोण काढणार? पान कापून फ्रेममध्ये घातलं असतं तर गुहा भिंतीकडे तोंड करून बसला असता.

मेस्सीभक्त_पलासिया

काका हे शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

वही ठेवायची कशी ते पण सांगा ना. माझ्याकडे पण एक खरी सही आहे, सुनील छेत्रीची, मी स्वतः समोर उभं राहून घेतलेली, मार्करने टोपीवर. ती फिकट होत चाललीय असं वाटतं.

शाई_आणि_कागद

टोपी उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली असेल तर आजच काढ. प्रकाश हा सहीचा सगळ्यात मोठा शत्रू, मार्करची शाई तर फार लवकर उडते. कापडी पिशवीत घालून कपाटात ठेव, धुवू नकोस, घामाचा वास आला तरी राहू दे. आणि आजच एका कागदावर लिही: कुठे, कोणत्या दिवशी, सोबत कोण होतं, फोटो असेल तर तो. सही खरी असून उपयोग नसतो, वीस वर्षांनी ती खरी आहे हे तुझ्या मुलांना सांगता आलं पाहिजे.

वहीचं: लॅमिनेशन अजिबात नाही, चिकटपट्टी नाही, ते चिकटणारे प्लॅस्टिकच्या पानांचे फोटो अल्बम असतात ते तर मुळीच नाही. शाईपेनची शाई पाण्याने वाहते, त्या काळी कलकत्त्यात सुलेखाची शाई घरोघरी असायची, तसली असेल तर एक थेंब पुरे आहे. इंदूरच्या पावसाळ्यात पत्र्याची ट्रंक आतून घाम सोडते म्हणून ती नको. आम्लरहित कागदात गुंडाळायची, पुठ्ठ्याच्या डब्यात आडवी ठेवायची, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर पावसाळ्यात बदलायच्या. डांबराच्या गोळ्या वहीला चिकटून ठेवू नका. कसर लागते का ते महिन्याने एकदा उघडून बघायचं. प्रत्येक पान स्कॅन करा, कोरी पानं सुद्धा, आणि पुठ्ठे पण.

तिकीट वहीत घडी घालून ठेवू नका, त्याचा डाग शेजारच्या पानावर उतरतो. वेगळं ठेवा.

रामबागचा_नातू

मंडळी, पत्र सापडलं.

ताईंनी सांगितलं म्हणून ट्रंकेतला पूर्ण गठ्ठा उपसला, दोन रात्री गेल्या. आजोबांच्या कलकत्त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राचं अंतर्देशीय पत्र आहे, ऑक्टोबर १९७७ चं, मोडक्या हिंदीत. त्यात मॅचचं वर्णन आहे, चिखल, गर्दी, आवाज, पेले लांबून दिसला वगैरे, आणि पुढे लिहिलंय की तुम्ही नव्हता म्हणून वाईट वाटलं, तुमच्यासाठी तिकीट पाठवतोय, त्यावर माझ्या मुलाने नाव लिहिलंय, रागावू नका, तो सात वर्षांचा आहे आणि तीन दिवसांपासून घरातल्या सगळ्या वस्तूंवर तेच नाव लिहून राहिलाय.

तर ते पेलेचं अक्षर नाही. सात वर्षांच्या मुलाचं आहे. शाईकाकांनी शाळेच्या वहीसारखं म्हटलं होतं ते अगदी तसंच निघालं.

शनिवारी व्यापाऱ्यांना फोन करून पत्राबद्दल सांगितलं. ते म्हणाले पत्राचं कोणाला सांगायची काय गरज आहे, तिकीट द्या, मी घेतो. मी नाही म्हणालो. आईने तिकीट आणि पत्र एकाच पाकिटात घातलं, ती म्हणते हे दोन्ही वेगळे करायचे नाहीत.

वही आम्ही ठेवतोय. माझी मुलगी आता दर रविवारी एका सहीमागे लागते, कलकत्त्याच्या जुन्या टीमच्या याद्या काढून नावं ताडून बघते. काका (@जुनी_इंदूर_६६), तुमची हरकत नसेल तर येत्या रविवारी तुमच्याकडे वही घेऊन येऊ का? आईला तुमच्याकडून त्या मॅचचं पुन्हा ऐकायचंय.

आणि सगळ्यांना एक विनंती. पान सात, पेन्सिलने केलेली सही, खाली आजोबांनी फक्त "हावडा, १९५९" लिहिलंय. पहिलं अक्षर एस किंवा जे वाटतं, शेवटी लांब आडवी रेघ. भिंगाखालचा फोटो टाकतोय, कोणाला काही लागतंय का बघा.

लेकटाउन_ते_लोकमान्यनगर

फोटो थोडा तिरका उजेड देऊन परत काढा ना, खिडकीपाशी, पेन्सिलीचा दाब दिसला पाहिजे. मी माझ्या काकांना पाठवते, ते ८४ वर्षांचे आहेत पण त्या वेळचे रेल्वेचे सगळे खेळाडू त्यांना नावानिशी पाठ आहेत.

जुनी_इंदूर_६६

रविवारी सकाळी ९ नंतर कधीही या. पोहे इथेच खायचे.